पडद्यावरचा हायड्रोजन

दूरचित्रवाणीवरचे विज्ञानविषयक माहितीपट आम्ही आवडीने पाहतो. ‘उद्याचे इंधन’ म्हणून हायड्रोजनची ओळख आमच्या पेण-रोह्याच्या घरांत त्यांनीच करून दिली. मात्र त्यांचा साचा आता ठरून गेला आहे. चकचकीत मोटार येते, तिच्या नळीतून धुराऐवजी पाण्याचे थेंब गळतात आणि निवेदक भारावल्या आवाजात प्रदूषणमुक्तीची ग्वाही देतो.

हे चित्र खोटे नाही, अर्धे आहे. हायड्रोजन तयार करावा लागतो. कशापासून, हे पडद्यावर क्वचितच विचारले जाते. उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात. त्याचा अमोनिया आणि पुढे युरिया होतो. या रीतीने एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. जगातला बहुतेक हायड्रोजन आजही वायू आणि कोळशातूनच येतो.

पाण्याचे विजेने विघटन करूनही तो मिळतो. पण किलोमागे पन्नासहून अधिक युनिट वीज आणि किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. वीज कोळशाची असेल, तर धूर फक्त जागा बदलतो. आणि हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला जाताना पाहणारा पेणकर विचारणारच, की हे पाणी कोणाच्या वाट्याचे?

जर्मनीत २०१८ मध्ये हायड्रोजनवर रेल्वे धावू लागली. दृश्य देखणे आहे. पण त्या मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या. पेण-रोहा मार्गावर त्या आहेत. इथे विजेचा हायड्रोजन करून पुन्हा वीज करणे म्हणजे द्राविडी प्राणायाम! याउलट खत आणि पोलाद उद्योगांत स्वच्छ हायड्रोजनची खरी निकड आहे. पण खत कारखाना मोटारीइतका देखणा नसतो, म्हणून कॅमेरा तिकडे वळत नाही.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. पैसा जनतेचा, जमीन आणि पाणीही जनतेचे. धाटावच्या रासायनिक कारखान्यांशेजारी, कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या रोहेकरांना ‘विकासा’ची दुसरी बाजू सांगावी लागत नाही. अर्धे चित्र पाहून दिलेली संमतीही अर्धीच असते. म्हणून आमचे मागणे एवढेच, की मोटारीच्या नळीपाशी थांबलेला कॅमेरा कारखान्याच्या फाटकापर्यंत यावा.