संहितेचे रूपांतर आणि अर्धा रकार

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहास १९८६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. त्यांच्यासारख्या गेय, छंदोबद्ध काव्याची संगणकीय संहिता सिद्ध करताना एका प्रश्नाची सहसा उपेक्षा होते.

युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीस स्थान मिळाले. तथापि त्यानंतरही दीर्घकाळ मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकृती बसविलेल्या फाँटांतच जुळविला गेला. नव्या संगणकप्रणालीत तो फाँट नसल्यास मजकुराऐवजी अर्थशून्य अक्षरे दिसतात. हा दोष ढोबळ असल्याने तत्काळ ध्यानी येतो. रूपांतरानंतर उरणारा दोष अधिक घातक होय. ‘दऱ्या’तील अर्धा रकार अदृश्य जोडचिन्हाच्या आधारे लिहिलेला असेल आणि नव्या प्रणालीतील एखाद्या सॉफ्टवेअरने ते चिन्ह गाळले, तर ‘दर्या’ उरतो. डोंगरदऱ्यांच्या जागी समुद्र येतो. शिवाय लघू ‘द’ गुरू होऊन एक मात्रा वाढते. उरलेला शब्दही सार्थ असल्यामुळे मुद्रितशोधकास संशय येत नाही.

सबब रूपांतरित प्रत हा केवळ एक पाठ मानावा. मुद्रित आवृत्तीशी ताडून पाहिल्यावाचून तिच्या आधारे कवीच्या छंदाविषयी निष्कर्ष काढणे अनुचित ठरेल.