पत कुणाची, शिक्का कुणाचा?

अमेरिकन यादवी युद्धातल्या खाजगी टोकनांना संग्राहक कौतुकाने 'लोकांचा पैसा' म्हणतात. १८६२ च्या उन्हाळ्यात लोकांनी एक सेंटची नाणीसुद्धा घरात दडवली. सुट्ट्या पैशांऐवजी टपालाची तिकिटे फिरू लागली. ती हाताला चिकटत, फाटत. तेव्हा व्यापाऱ्यांनी सेंटच्या आकाराचे तांब्याचे तुकडे पाडून घेतले. १८६४ पर्यंत अंदाजे अडीच कोटी टोकने निघाली. बाजार चालू राहिला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण त्यांच्यावरचा मजकूर नीट वाचला की 'लोकांचा' हा शब्द खटकू लागतो.

देशभक्तीची टोकने सर्वांत देखणी. झेंडा उतरवू पाहणाऱ्याला जागीच गोळी घाला, हा जॉन डिक्स यांचा हुकूम काहींवर कोरलेला आहे. एका ठशात तर 'स्पॉट'चे 'स्पूट' झाले आहे! वाचून स्फुरण चढते खरे. पण टोकन वटवायचे कुणाकडे? देणेकऱ्याचे नावच नाही. काहींवर 'वन सेंट' ठळक आणि वर बारीक अक्षरांत 'नॉट'. गिऱ्हाइकाने ठळक वाचायचे, कायद्याने बारीक!

त्यामानाने दुकानदारांची टोकने साधी, पण मला सरस वाटतात. नाव, धंदा, गाव; म्हणजे निदान दार ठोठावण्याची सोय. अर्थात नाव म्हणजे हमी नव्हे. न्यूयॉर्कचा बिअर सलूनवाला गुस्तावस लिंडेनम्युलर याने दहा लाखांवर टोकने काढली असे सांगतात. थर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या घोडा-ट्राम कंपनीने साठलेली टोकने वटवायला नेली, तर त्याने हसून नकार दिला, असाही किस्सा आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

या टोकनांची खरी समीक्षा केली ती काँग्रेसने. २२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने ७२ ग्रेनचा जाड सेंट गेला आणि टोकनांसारखा पातळ, ४८ ग्रेनचा ब्राँझचा सेंट आला. धातू स्वस्त असला तरी नाणे चालते, हा व्यापाऱ्यांचा धडा सरकारने उचलला. त्यात एका वाक्याची भर घातली: दहा सेंटपर्यंतचे देणे या नाण्यांनी फेडता येईल. खाजगी नाण्यांवर मात्र बंदी आली. ८ जूनच्या कायद्याने ती पुरती पक्की झाली.

टोकनांत उणीव होती ती या एका वाक्याची. बंदीनंतर ती ज्याच्या गल्ल्यात उरली, त्याने तोटा सोसला. लोकांचा होता तो हा तोटा. पैसा काढणाऱ्यांचाच होता.