सरडे वाढले, रंग उतरला

मागच्या दिवाळीत धरणगावला घरी होतो. साक्रीच्या मामांनी व्हॉट्सॲपवर एक बातमी पाठवली : पवनचक्क्यांमुळे सरडे वाढले. खाली त्यांचा अहिराणी प्रश्न, ‘मंग चांगलंच शे ना?’ त्यांच्या शेजारच्या बरड जमिनीवर पवनचक्की उभी करण्याची बोलणी चालू होती. साक्री तालुक्यातल्या माथ्यांवर अशा चक्क्या कधीपासूनच फिरताहेत. लहानपणी मी एसटीच्या खिडकीतून त्या मोजायचो. खाली काय जगतं, हे कधी मनात आलं नव्हतं.

मामांना उत्तर द्यायचं म्हणून मूळ शोधनिबंध वाचला. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा हा अभ्यास नोव्हेंबर २०१८मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये आला. जागा साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार. नायक ‘सरडा सुपर्बा’. हो, हे शास्त्रीय नावच आहे. २०१६मध्ये गळ्याला पंखा असलेल्या काही सरड्यांचा वेगळा गट केला गेला आणि त्याला आपलाच मराठी शब्द दिला गेला. विणीच्या हंगामात नर गळ्याची निळी-काळी-नारिंगी घडी उघडून मिरवतो.

निबंधाचा सांगाडा साधा आहे. त्याच पठारावर चक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागा घेतल्या आणि तुलना केली. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. साहजिकच सरडे जास्त. बातमी इथेच थांबली.

निबंध मात्र इथून खरा सुरू होतो. माणूस किती जवळ आला की सरडा पळतो, हे अंतर मोजलं. चक्क्यांखालचे सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देतात. पकडल्यावर रक्तातलं ताणाचं संप्रेरक तपासलं, तेही कमी वाढलेलं. म्हणजे सुखी जीव? नाही. त्यांची अंगकाठी खालावलेली होती आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका होता. गर्दी वाढली, प्रत्येकाच्या वाट्याचं अन्न घटलं, असा याचा संभाव्य अर्थ.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डॅशबोर्डवर वापरकर्त्यांचा आकडा चढत असताना आतून सगळं कुजत चाललंय, हे मी पाहिलंय. या निबंधाची ताकद हीच, की तो चढत्या आकड्यावर खूश होत नाही. आपली भाषा सरड्याच्या रंगाला लबाडी म्हणते, ‘सरड्यासारखा रंग बदलतो’. इथे मात्र रंग ही त्याच्या पोटाची खातेवही आहे. बालकवींच्या गावात वाढलेल्या माणसाला तरी रंग उतरणं ही किरकोळ बाब वाटू नये.

दोन गोष्टी खटकल्या. पहिली, तुलना शेजारशेजारच्या जागांची आहे. चक्की उभी राहण्याआधी आणि नंतर, अशी नाही. दोन जागांमध्ये मुळातच काही फरक असेल, तर तो पूर्णपणे वगळता येत नाही. पण हा दोष एकट्या संशोधकांच्या माथी मारता येणार नाही. अभ्यास झाला तेव्हा तिथल्या चक्क्यांना सोळा ते वीस वर्षं झाली होती. आधीचे सरडे मोजायला कोण गेलं होतं?

दुसरी गोष्ट रूपकाची. पवनचक्की हीच इथली सर्वांत वरची शिकारी, असं या अभ्यासाबद्दल गाजलं. रूपक आकर्षक आहे, पण मला पटत नाही. शिकाऱ्याला भूक असते, पोट भरलं की तो थांबतो. चक्कीला भूकच नाही. पाती काही पक्ष्यांना मारतातही, पण या पठारावरचं चित्र मला जास्त करून बुजगावण्याचं वाटतं : शेतकरी पाखरं हाकलायला उभं करतो ते. फरक इतकाच, की शेतातल्या बुजगावण्याखाली आपण पेरलेलं पीक वाढतं. इथे काय वाढतंय आणि काय खुरटतंय, हे बघायला कुणी ठेवलेलं नाही.

म्हणून पवनचक्क्या नकोत, असं निबंध म्हणत नाही, मीही म्हणत नाही. या लेखाचा ड्राफ्ट विजेवरच लिहिलाय, आणि दगडी कोळशाची वीज काय करते तेही ठाऊक आहे. पण ‘हरित’ हा शब्द लावला की हिशेब मिटला, असं होत नाही. सरकारी भाषेत जी ‘पडीक’ असते, त्या बरड माळावर कुणीतरी आधीपासून राहत असतं.

मामांना लिहिलं : ‘वाढले, पण रोडावले.’ त्यांचं उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी एक फोटो आला. बांधावरच्या दगडावर एक सरडा, मान वर. खाली लिहिलं होतं, ‘हाऊ कोणता?’

मला ओळखता आला नाही. पण चक्की यायच्या आधीचा एक सरडा आता नोंदवलेला आहे.