निष्कर्ष की गौरव?

बडोदा संस्थानातल्या सक्तीच्या शिक्षणावरचा एक प्रबंध नुकताच वाचला. दप्तरातली माहिती भरपूर, मेहनत दिसते. पण चर्चेच्या प्रकरणात तीच माहिती पुन्हा मांडली आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्ती सुरू केली, सगळ्या संस्थानात १९०६ मध्ये. मधली १३ वर्षं कशात गेली? पैसा, शिक्षक, की पालकांची नाराजी? यातलं कुठलं कारण जास्त वजनाचं, आणि कशावरून, हे चर्चेत तपासायला हवं होतं. निष्कर्षात तर 'महाराज द्रष्टे होते' एवढंच. अहो, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय! दप्तर चाळून नवं काय कळलं ते सांगा. उत्तर अपुरं असलं तरी चालेल. नुसत्या गौरवासाठी प्रबंध कशाला?