घडवलेला संघ आणि उचललेला संघ

नवा रायपुरात क्रिकेटचं भव्य मैदान आहे, शहरात हॉकीचं आंतरराष्ट्रीय स्टेडियम आहे. फुटबॉलच्या अव्वल लीगमध्ये मात्र छत्तीसगडचा संघ नाही. पैसा ओतून संघ उभा करणारा मालक इथे अजून आलेला नाही. तो येण्याआधीच इथल्या फुटबॉलप्रेमींनी गोवा आणि मुंबईचा हिशेब नीट तपासावा, असं मला मनापासून वाटतं.

गोव्याच्या धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. मधल्या अपयशी हंगामांत त्यांना कुणी हटवलं नाही. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा यांच्यासारखे गोव्याचे खेळाडू वर्षानुवर्षं एकत्र खेळले. धेंपोने खर्चही केला, पण रँटी मार्टिन्ससारखा परदेशी आघाडीपटू आणला तो एका मोसमाचा पाहुणा म्हणून नव्हे. तो २०१२ पर्यंत राहिला, आणि कोणता चेंडू कुठून येणार हे त्याला न बघता कळावं इतका त्या संघात मुरला.

मुंबईची वाट वेगळी. नोव्हेंबर २०१९मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी क्लब-समूहाने मुंबई सिटी या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्याच हंगामासाठी एफसी गोवाला घडवणारे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले आणि अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमू, मंदार राव देसाई हेही गोव्याहूनच आले. मुंबईने २०२०-२१मध्ये इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. तो खेळ देखणा होता, यात वाद नाही. पण त्या खेळाडूंची एकमेकांशी बसलेली लय गोव्यात तयार झाली होती, आणि मंदार तर त्याआधी धेंपोत तयार झाला होता. अंतिम सामन्यात ९०व्या मिनिटाला विजयी गोल केला बिपिन सिंगने. तो शिलाँग लाजोंगमधून वर आलेला, आणि हा पैसा येण्याच्या आधीपासून मुंबईत खेळणारा. खर्चाने करंडक मिळतो हे खरं. फक्त त्याआधी दुसऱ्या कुणीतरी धीर धरलेला असावा लागतो.

शिवाय मालकाचं मन कधी फिरेल, सांगता येत नाही. २००५-०६चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. सिटी ग्रुपही डिसेंबर २०२५मध्ये मुंबईतून बाहेर पडला.

धीरालाही वरची वाट मोकळी लागते. देशातल्या लीगच्या नव्या रचनेत आयएसएलचं दार बंद दिसल्यावर २०१६मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या क्लबांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. धेंपो परतला तो थेट २०२४-२५मध्ये, खालच्या श्रेणीतून चढून. मधली वर्षं गोव्यातल्या एका पिढीची होती, आणि तिचं नुकसान कुणाच्याही ताळेबंदात दिसत नाही.

छत्तीसगडमध्ये धीर आहे, तो रायपूरहून धमतरी-कांकेर ओलांडून गेल्यावर भेटतो. नारायणपूरचा रामकृष्ण मिशन आश्रम १९८५पासून अबूझमाडच्या आदिवासी मुलांना निवासी शिक्षण देतो, आणि तिथे फुटबॉल रुजला आहे. २०२४मध्ये वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा याच आश्रमाच्या मैदानावर झाली. पण शाळा संपल्यावर त्या मुलाने खेळायचं कुठे? छत्तीसगडची किरण पिस्दा भारताकडून खेळली; क्लब फुटबॉलसाठी तिला आधी केरळ आणि मग क्रोएशियातलं झाग्रेब गाठावं लागलं.

म्हणून रायपुरात उद्या कुणी उद्योगपती किंवा सरकार फुटबॉलसाठी पैसा काढणार असेल, तर पहिल्या वर्षी परदेशी खेळाडू आणू नयेत. एका प्रशिक्षकाला किमान आठ वर्षांचा करार द्यावा, राज्य लीगचे सामने महिनोन्‌महिने चालतील इतके वाढवावेत आणि नारायणपूरहून येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला पगार व राहायला खोली द्यावी. करंडकाचा प्रश्न त्या प्रशिक्षकाला पाचव्या वर्षाआधी कुणी विचारू नये.