वृद्ध योद्ध्याचा लघु अर्धपुतळा : साम्याचे प्रयोजन

धानोऱ्याच्या दक्षिणेस, भामरागडच्या अरण्यात, मृतांच्या स्मरणार्थ अघडीव शिळा उभारण्याची प्रथा माडिया समाजात आढळते. त्या शिळेस चेहरा नसतो. तरीही ती स्मारकच ठरते. स्मरणास साम्य अनिवार्य नसेल, तर वृद्ध योद्ध्याच्या वीतभराहूनही लहान, रंगीत अर्धपुतळ्याकडून यथार्थतेची अपेक्षा कशासाठी करावयाची?

अर्धपुतळा छातीखालचा देह वगळतो. पानिपतच्या रणात (१७६१) महादजी शिंदे यांच्या पायास जखम होऊन कायमचे लंगडेपण आले. त्यांच्या अर्धपुतळ्यात युद्धाची ही सर्वांत बोलकी खूण येऊच शकत नाही. सांगावयाचे ते मुखानेच सांगितले पाहिजे. अशा वेळी व्रण, शस्त्रे वा पदके ठळक रंगविण्याचा मोह होतो. परंतु त्यांनी सैनिक ओळखू येतो, वार्धक्य प्रतीत होत नाही.

वार्धक्य रेषेपेक्षा वर्णात अधिक वसते. लहान आकृतीवर प्रत्यक्ष प्रकाशाची छाया क्षीण पडते, म्हणून ती रंगाने गडद करावी लागते, हे खरे. मात्र प्रत्येक सुरकुती काळ्या रेषेने भरली की चेहऱ्याचा नकाशा होतो. याउलट पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढविल्यास नाकाकानांवरील लाली, दाढीच्या खुंटांची करडी झाक आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागातील पिवळसर छटा साधते. तेव्हा शिळा जे सांगू शकत नाही ते अर्धपुतळा सांगतो : हा मनुष्य युद्धातून वाचला आणि नंतर दीर्घकाळ जगला. साम्याचे प्रयोजन एवढेच. आणि ते थोडे नव्हे.