‘सगळं मनाचं आहे’ म्हणण्याआधी: गोव्यातला एक पेपर वाचूया

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एक जुना, पण वाचायलाच हवा असा पेपर घेऊ. २००५ साली ‘बीएमजे’मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या स्त्रियांच्या दीर्घकाळच्या थकव्यावरचा अभ्यास छापला. १८ ते ५० वयाच्या २,४९४ जणी. त्यांतल्या सुमारे १२ टक्के जणींना किमान सहा महिने थकवा होता.

आपला पहिला अंदाज काय असतो? रक्त कमी असेल! पण हिमोग्लोबिनशी संबंध दिसला नाही. दिसला तो कमी शिक्षण, कर्ज, भूक, बाई म्हणून होणारी कुचंबणा आणि मानसिक त्रास यांच्याशी. एकाच अभ्यासात रक्तही तपासलं आणि कर्जाबद्दलही विचारलं, ही या पेपरची खरी ताकद.

आता दोन जागी पेन्सिल टेकवा. एक, सगळं एकाच वेळी मोजलंय. मग ताणामुळे थकवा की थकव्यामुळे ताण, हे यातून ठरत नाही. दोन, मानसिक त्रास मोजणाऱ्या ‘सीआयएस-आर’ या प्रश्नावलीत थकव्याचा विभाग आधीच असतो. तो न वगळता गणित केलं, तर थकव्याचा संबंध थोडाफार थकव्याशीच लागतो. पद्धतींचा भाग उघडून हे स्वतः तपासा.

पण मोठा घोटाळा पेपरच्या बाहेर होतो. आमच्या हर्णे बंदरावर माशांचा लिलाव किनाऱ्यावरच चालतो. तिथे पाटी वाहणारी एखादी मावशी म्हणाली, ‘अंग मोडून येतं,’ तर हा पेपर दाखवून ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणायचं का? मुळीच नाही. गटात संबंध दिसला नाही, म्हणून या एका बाईचं रक्त तपासायचं टाळता येत नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून तिचा थकवा खोटा ठरत नाही. रक्त तपासा, सोबत झोप, जेवण, कर्ज, घरचं वातावरण हेही विचारा.

यावर उपाय करता येतो का? २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या गोव्याच्याच ‘मानस’ चाचणीत, नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांची मदत मिळाली. सरकारी केंद्रांत त्याचा फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही.

हा फरक का पडला असेल? तुमचा पुढचा संशोधनप्रश्न कदाचित इथेच असेल.